व्हेंटिलेटर कधी काढायचा, कोणी काढायचा आणि कोणत्या कागदावर

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर एक दिवस आत बोलावतात आणि विचारतात, "पुढे काय करायचं?" या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेले असतात. रुग्ण सुधारण्याची शक्यता किती, हा वैद्यकाचा प्रश्न. ती नसेल तर यंत्रं चालू ठेवण्यात त्याचं हित आहे का, हा नीतीचा. आणि यंत्रं काढली तर उद्या पोलिसांना कोण उत्तर देणार, हा कायद्याचा. घरात भांडण पेटतं, कारण मोठा भाऊ पहिल्याचं उत्तर देत असतो, बहीण दुसऱ्याचं, आणि समोरचे डॉक्टर तिसऱ्याची धास्ती मनात ठेवून बोलत असतात.

नैतिक प्रश्नाचा अभ्यास करायचा तर हे धागे आधी सोडवावे लागतात. मग तत्त्व ठरवायचं आणि शेवटी ते तत्त्व कोणत्या सहीने, कोणत्या मुदतीत, कोणाच्या टेबलावरून अमलात येईल ते पाहायचं. शेवटच्या टप्प्याकडे विचारवंतांचं लक्ष फारसं जात नाही, पण हक्क खरा की नावापुरता हे तिथेच ठरतं. भारतात निरुपयोगी उपचार थांबवण्याचा हक्क २०१८ मध्ये तत्त्वतः मिळाला आणि पुढची पाच वर्षं जवळजवळ कोणालाच वापरता आला नाही. त्याचं कारण कागदपत्रांत होतं.

एका नावाखाली पाच गोष्टी

"भारतात इच्छामरणाला परवानगी" असा मथळा वाचून लोक ज्याची कल्पना करतात ते इथे आजही बेकायदा आहे. पाच वेगवेगळ्या कृती या एका शब्दाखाली ढकलल्या जातात.

पहिली, डॉक्टरने रुग्णाच्या विनंतीवरून प्राणघातक इंजेक्शन देणं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून ते कायद्याच्या चौकटीत चालतं. भारतात तो मनुष्यवध आहे. दुसरी, डॉक्टरने औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने ते स्वतः घ्यायचं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात हे १९९७ पासून आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली ते आत्महत्येस प्रवृत्त करणं ठरेल. तिसरी, ज्यातून बरं होण्याची आशा नाही असा उपचार सुरूच न करणं किंवा सुरू असलेला काढून घेणं. हीच आपल्याकडे ठरावीक पद्धतीने करता येते. चौथी, वेदना शमवण्यासाठी पुरेसं मॉर्फिन देणं. ते कधीच गुन्हा नव्हतं. पाचवी गोष्ट या यादीत असायलाच नको, पण लोक तिची हमखास गल्लत करतात. मस्तिष्कस्तंभ मृत झालेला रुग्ण १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या व्याख्येनुसार मृतच असतो. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करून ते प्रमाणित करायचं असतं. त्याचं हृदय यंत्राच्या आधाराने धडधडत असतं म्हणून नातेवाइकांना तो जिवंत वाटतो. दीर्घकाळ बेशुद्ध असलेला, पण स्वतःहून श्वास घेणारा रुग्ण मात्र जिवंत असतो. या दोघांना एकच नियम लावता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती. दोघांनाही असाध्य आजार नव्हता. पुढे होईल त्या परावलंबनाची भीती होती. सहानुभूती वाटली तरी ही मागणी तिसऱ्या प्रकारात बसत नाही, कारण थांबवण्यासारखा उपचारच चालू नव्हता. ती मागणी पहिल्या प्रकारची होती. वृद्धांची देखभाल कोण करणार हा तिच्यामागचा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर इंजेक्शनच्या कायद्यात सापडत नाही.

मारणं आणि मरू देणं

तिसऱ्या प्रकाराला मान्यता आणि पहिल्याला बंदी, ही रेघ करणं आणि न करणं यांतल्या फरकावर ओढलेली आहे. हा फरक खरंच टिकतो का? १९७५ साली अमेरिकी तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी त्यावर घाव घातला. वारसाहक्कासाठी एक माणूस लहान चुलत भावंडाला टबात बुडवतो; दुसरा त्याच हेतूने आत जातो, पण मूल आपणच पाय घसरून पाण्यात पडतं आणि तो नुसता बघत उभा राहतो. दुसरा पहिल्यापेक्षा चांगला माणूस आहे, असं कोणी म्हणेल का?

युक्तिवाद धारदार आहे, पण आयसीयूला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. टबाजवळच्या माणसाने हात पुढे केला असता तर मूल वाचलं असतं. आयसीयूतल्या ज्या रुग्णाबद्दल आपण बोलतो आहोत त्याला वाचवण्याचा उपाय शिल्लक नसतो. यंत्र फक्त मरणाची क्रिया लांबवत असतं. यंत्र काढल्यावर मृत्यू येतो तो आजाराने. शिवाय उपचार नाकारणं हा शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाचा अधिकार असतोच. कर्करोगाच्या रुग्णाने तिसरी केमो नको म्हटलं तर त्याला कोणी बांधून ठेवत नाही. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं, तेव्हा समाजाने ते त्यांचं स्वातंत्र्य मानलं. बेशुद्ध झालेल्या माणसाचा हा अधिकार बेशुद्धीमुळे संपतो का आणि संपत नसेल तर तो कोणी वापरायचा, एवढाच कठीण प्रश्न उरतो.

सुरू न करणं आणि सुरू केलेलं काढणं, यांत मनाला फार मोठा फरक वाटतो. नळी काढणाऱ्या हाताला आपण मारतोय असं वाटतं. नळी न घालणाऱ्याला तसं वाटत नाही. नैतिकदृष्ट्या मात्र दोन्हींची कसोटी एकच आहे: या उपचाराने या रुग्णाचं आता भलं होतंय का? काढणं हे न घालण्यापेक्षा अवघड करून ठेवलं, की डॉक्टर घालायलाच कचरतात. "एकदा लावला की काढता येत नाही" हे वाक्य कुठल्याही रुग्णालयात ऐकू येतं. न्यूमोनियाने दमलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीला चार दिवस व्हेंटिलेटरवर ठेवून पाहण्यासारखं असतं, पण पुढे अडकू या भीतीने ते टाळलं जातं. रुग्णाच्या रक्षणासाठी केलेला नियम असा त्याच्याच मुळावर येतो. यावर उपाय ठरावीक मुदतीच्या चाचणी उपचाराचा आहे. सुरुवातीलाच घरच्यांना सांगायचं: पाच दिवस पूर्ण प्रयत्न करू, अमुक तीन गोष्टी सुधारतात का पाहू, सहाव्या दिवशी पुन्हा बसू. हे संभाषण केसपेपरवर लिहून ठेवायचं.

केईएमच्या वॉर्डातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

या विषयाचा भारतीय इतिहास बऱ्याच अंशी मुंबईत घडला. १९८६ साली मारुती श्रीपती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात तीच भूमिका घेतली, पण १९९६ च्या ग्यान कौर निकालात पाच न्यायाधीशांनी ती फिरवली: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. त्याच निकालात एक खिडकी उघडी राहिली. मृत्यू अटळ असताना तो सन्मानाने यावा, हे मात्र सन्मानाने जगण्याच्या हक्कात येऊ शकतं, असं न्यायालय म्हणालं. पुढची सगळी वाटचाल त्या खिडकीतून झाली.

अरुणा शानभाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची देखभाल केली. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने अन्न देणं थांबवण्याची परवानगी मागितली. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने तत्त्व मान्य केलं, मागणी मात्र फेटाळली. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार रोज भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे आणि त्यांना अरुणा जगायला हव्या आहेत, असं न्यायालयाने ठरवलं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.

प्रतिनिधी कोण, या प्रश्नावर या निकालाने दिलेलं उत्तर आजही विचार करण्यासारखं आहे. रक्ताचं नातं, प्रत्यक्ष केलेली सेवा आणि रुग्णाची इच्छा माहीत असणं, हे तीन वेगळे दावे आहेत. न्यायालयाने सेवेला वजन दिलं. पण ज्याने सेवा केली त्याला सोडणं जड जातं. त्याची इच्छा रुग्णाचीच असेल असं नाही. म्हणून रुग्णाने स्वतः, शुद्धीत असताना, नाव लिहून ठेवणं हा यातला सर्वांत कमी वादाचा मार्ग ठरतो.

आठ डॉक्टर, एक जिल्हाधिकारी, एक न्यायदंडाधिकारी

'कॉमन कॉज' या संस्थेच्या २००५ च्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपचार थांबवण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात तो दस्तऐवज, वैध आहे, असं त्यात ठरलं. संसद कायदा करेपर्यंत न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं लागू राहणार होती. त्यानुसार काय काय करावं लागत होतं, ते पाहा.

दस्तऐवजावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी. रुग्णालयाचं पहिलं मंडळ: विभागप्रमुख आणि किमान तीन तज्ज्ञ, प्रत्येकाचा अनुभव वीस वर्षांचा. त्यांचा होकार आला की जिल्हाधिकाऱ्याने दुसरं मंडळ नेमायचं: जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि पुन्हा तीन तज्ज्ञ. त्यांनीही होकार दिला की न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन रुग्णाला पाहायचं आणि मग परवानगी द्यायची. म्हणजे आठ डॉक्टर आणि दोन सरकारी अधिकारी. वीस वर्षं अनुभवाचा मेंदूविकारतज्ज्ञ सगळ्या जिल्ह्यांत मिळत नाही. न्यायदंडाधिकाऱ्याकडे रोजच्या कामाचा ढीग असतो. आयसीयूत जाऊन काय पाहायचं याचं प्रशिक्षण त्याला कोणी दिलेलं नसतं. या साखळीतली प्रत्येक कडी गैरवापराच्या भीतीने घातलेली होती आणि सुटी पाहिली तर समंजसच वाटते. एकत्र जोडल्यावर मात्र कुलूप तयार झालं.

मग काय झालं? लोकांनी मरायचं थांबवलं नाही. नातेवाइकांनी "स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जातो" अशा फॉर्मवर सही केली, रुग्णवाहिकेत अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत रुग्णाला घरी नेलं आणि तिथे तो गेला. या मार्गात एकही मंडळ नाही, दुसरं मत नाही, आणि बहुतेक वेळा मॉर्फिनही नाही. निर्णय खरोखर वैद्यकीय होता की पैसे संपले म्हणून घेतला गेला, याची नोंदही नाही. प्रक्रिया जितकी जाडजूड केली, तितकं मरण प्रक्रियेबाहेर गेलं. सुरक्षेचा नियम करताना "न पाळला तर लोक काय करतील?" हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

२०२३ नंतरची रीत

अतिदक्षता क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ रोजी ही प्रक्रिया सुटसुटीत केली. आजचा नियम असा.

दस्तऐवज अठरा वर्षांवरील, मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्तीने स्वेच्छेने करायचा. दोन साक्षीदारांसमोर सही. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे, ज्यांना वारसाहक्कात रस नाही असे. त्यानंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन. न्यायदंडाधिकाऱ्याची गरज उरली नाही. स्टॅम्प पेपरची अट निकालात नाही, मात्र नोटरी आपल्या पद्धतीप्रमाणे मागू शकतात. प्रत नेमलेल्या नातेवाइकांना द्यायची, फॅमिली डॉक्टरांना द्यायची आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे, म्हणजे अभिरक्षकाकडे, ठेवायची. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यावर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. मुंबईत ही जबाबदारी वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा दस्तऐवज नोंदवून सुरुवात करून दिली. प्रत देताना शिक्का मारलेली पोच अवश्य घ्यावी.

रुग्णालयातली पायरी दुहेरीच राहिली, पण हलकी झाली. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले, तेवढ्याच अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. हे मंडळ रुग्णालयच बसवतं, जिल्हाधिकारी नाही. दोन्हींनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यायचं. रुग्णाने नेमलेल्यांची संमती घ्यायची आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. परवानगीची वाट पाहायची नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. रुग्णाने काहीच लिहून ठेवलं नसेल, तरी घरच्यांच्या संमतीने हीच प्रक्रिया चालते. दस्तऐवज नाही म्हणजे मार्ग बंद, हा समज चुकीचा आहे.

दस्तऐवजात काय लिहायचं

न्यायालयाची अट आहे की निर्देश नेमके आणि निःसंदिग्ध हवेत. "मला यंत्रांवर ठेवू नका" एवढंच लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि हेच वाक्य सर्वांत जास्त घोटाळा करतं. साप चावल्यावर दोन दिवस व्हेंटिलेटर लागतो आणि माणूस चालत घरी येतो. तिथेही नको का? म्हणून आधी परिस्थिती लिहायची, मग उपचार. परिस्थिती म्हणजे: असाध्य आजाराचा अंतिम टप्पा, मेंदूला झालेली अशी इजा की माणसं ओळखणं, बोलणं परत येण्याची वाजवी शक्यता नाही, खूप पुढे गेलेला स्मृतिभ्रंश. त्या प्रत्येक परिस्थितीत काय नको ते सुटं लिहायचं: हृदय बंद पडल्यास छाती दाबून पुनरुज्जीवन, व्हेंटिलेटर, ट्रेकिऑस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत घातलेली नळी), डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधं, वारंवार अँटिबायोटिक.

नळीवाटे अन्नाचा उल्लेख वेगळा करायलाच हवा. नाकातल्या किंवा पोटातल्या नळीने अन्न देणं हा उपचार आहे की माणसाला घास भरवणं आहे, यावर जगभर वाद झाला. इंग्लंडमध्ये १९९३ च्या ब्लँड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो वैद्यकीय उपचार मानला. आपल्या घरांत "उपाशी मारलं" हा शब्द फार जड असतो. वैद्यकीय बाजूने पाहिलं तर शेवटच्या दिवसांत शरीर अन्न घेईनासं होतं; बळेच दिलेलं अन्न फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. ओठ ओले ठेवणं, तोंडाची स्वच्छता, मागेल तेवढं चमच्याने पाणी, हे चालूच राहतं. तुमचं मत काय ते स्वतः लिहा, मुलांवर सोडू नका.

काय हवं तेही लिहायचं. वेदनाशमन, धाप कमी करणारी औषधं, शक्य असेल तर घरी नेणं, अवयवदान. मग दोन व्यक्तींची नावं, पहिली उपलब्ध नसेल तर दुसरी कोण ते स्पष्ट करून. पत्ता आणि फोनसह. परिणाम समजून सही करतो आहे आणि हा निर्देश कधीही लेखी मागे घेऊ शकतो, ही दोन वाक्यं असलीच पाहिजेत. एकापेक्षा जास्त दस्तऐवज असतील तर शेवटचा धरला जातो. बदल करायचा तर पुन्हा साक्षीदार, पुन्हा नोटरी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ५ खालचा आगाऊ निर्देश हा मानसोपचारांपुरता वेगळा दस्तऐवज आहे. मालमत्तेचं मृत्युपत्र तर पूर्णच वेगळं. ते मेल्यावर उघडतात, हे जिवंतपणी लागतं. दोन्ही एकाच लॉकरमध्ये ठेवले की हे वेळेवर हाती येत नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र कागदावरची नसते. ज्याचं नाव घातलं त्याच्याशी बोलणंच झालेलं नसतं. परदेशात राहणारा मुलगा तिसऱ्या दिवशी विमानतळावरून थेट येतो आणि "सगळं करा" म्हणतो, कारण गेल्या दोन वर्षांतली घसरण त्याने पाहिलेली नसते. त्याच्या पोटात अपराधीपणा असतो, त्याच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. भावंडांत मतभेद झाले तर कोणाचा शब्द चालेल, याचा क्रम निकालाने दिलेला नाही. न बोलताच, नुसता होकार घेऊन नाव घातलेली माणसं अशा वेळी गप्प बसतात.

घसरणीची भीती

"एकदा दार उघडलं की पुढे नको असलेल्या म्हाताऱ्यांनाही संपवतील." हा आक्षेप मोडीत काढण्यासारखा नाही, पण तपासून घ्यावा लागतो. घसरण नेमकी कोणत्या कारणाने होईल, हे विचारायचं. कॅनडाचं उदाहरण घेऊ. तिथे डॉक्टरांच्या मदतीने मृत्यूला परवानगी देणाऱ्या २०१६ च्या कायद्यात मृत्यू नजीक असण्याची अट होती. क्युबेक प्रांताच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ती समानतेच्या मुद्द्यावर खोडली आणि २०२१ मध्ये कायदा रुंदावला. तिथे दार पुढे सरकलं ते "त्याला मिळतं मग मला का नाही?" या तर्काने; डॉक्टर बेफिकीर झाले म्हणून नाही. आपल्या चौकटीत या तर्काला एक अंगभूत लगाम आहे: काढून घेण्याजोगा किंवा सुरू न करण्याजोगा, आयुष्य लांबवणारा उपचार असल्याशिवाय प्रक्रिया सुरूच होत नाही. अपंग किंवा वृद्ध असणं हा त्यात निकषच नाही.

आपल्याकडची भीती दुसरीकडे आहे आणि ती पैशाची आहे. आयसीयूचं बिल रोज वाढतं, विम्याची मर्यादा संपते, शेती गहाण पडते. अशा वेळी दिलेली संमती स्वतंत्र म्हणायची का? एका टोकाला खर्चामुळे उपचार लवकर थांबतात, दुसऱ्या टोकाला रुग्णालयाच्या खाटेचं उत्पन्न चालू राहावं म्हणून निरर्थक उपचार लांबतात. दोन्ही अन्याय एकाच शहरात, कधी एकाच इमारतीत होतात. दुसऱ्या मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असावा ही अट दुसऱ्या अन्यायावर थोडी लगाम घालते. पहिल्यावर कुठलंही मंडळ उपाय करू शकत नाही. तिथे सरकारी रुग्णालयातल्या खाटा आणि विमा योजनांची व्याप्तीच बोलते.

निवड खरी ठरायला पर्याय दोन हवेत. असह्य वेदनेत पडलेला माणूस "सोडवा" म्हणतो, तेव्हा तो बऱ्याचदा वेदनेतून सुटका मागत असतो. मुंबईत वांद्र्याला शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांसाठी शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचं, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं. तरी तालुक्याच्या गावी तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी मिळणं कठीणच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांची अशी जाळी विणली होती की औषध दुकानदारांनी ती ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी नियम सोपे झाले, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांची सवय गेली ती गेलीच. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं रुग्णांनाही वाटतं. योग्य मात्रेत, दर चार तासांनी, वेदनेप्रमाणे वाढवत दिलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. बद्धकोष्ठता मात्र नक्की करतं, म्हणून सोबत पहिल्या दिवसापासून रेचक द्यावं लागतं.

धोरणात अजून काय अडतं

सहा डॉक्टर लागतात. दहा खाटांच्या खाजगी रुग्णालयात ते कुठून आणायचे? मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने, म्हणजे महाराष्ट्रात व्यवहारात जिल्हा शल्यचिकित्सकाने, दर वेळी नवा माणूस शोधायचा म्हटलं तर ४८ तास पत्रव्यवहारातच जातात. कर्नाटकने ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात यावर बरी वाट काढली: अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली ज्यांना आधीच मान्यता आहे अशा डॉक्टरांना दुसऱ्या मंडळावर नेमता येईल. ती यादी जिल्ह्यात तयार असतेच. मंडळाने फोनवर किंवा व्हिडिओवर भेटायचं का, लहान रुग्णालयांनी मोठ्याचं मंडळ वापरायचं का, हे राज्यांनी लिहून द्यायला हवं.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा चर्चेला ठेवला, तेव्हा काही डॉक्टरांनी तक्रार केली की जे रोज नीट चालतं त्यालाही आता कायद्याची भाषा लागणार. तक्रारीत तथ्य आहे. हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवन करायचं नाही हा निर्णय वेगळा असतो. त्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची तत्त्वं आहेत, आणि तिथे उपचार करणारे डॉक्टर आणि कुटुंब यांच्यातला नोंदलेला संवाद हाच गाभा आहे. प्रत्येक निर्णयाला दोन मंडळं लावली तर पुन्हा २०१८ च्या जागी येऊन पोचू.

धोरण चालतंय की नाही हे कळायला रुग्णालयांकडून तीन आकडे दरवर्षी मागवावे लागतील: किती रुग्णांसाठी मंडळ बसलं, अर्जापासून निर्णयापर्यंत किती दिवस गेले, आणि आयसीयूतून किती रुग्ण "स्वतःच्या जबाबदारीवर" घरी नेले गेले. पहिला आकडा लहान आणि तिसरा मोठा असेल, तर निर्णय अजूनही रुग्णवाहिकेतच होत आहेत असं समजायचं.